टवक्यापुरताच रंग

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-अडीच दशकांत जपानमध्ये तयार झालेले पत्र्याचे खेळण्यातले यंत्रमानव आज जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत, लिलावगृहांत आणि काही संग्रहालयांत जपून ठेवलेले आढळतात. त्यांच्यापैकी फारच थोडे कोऱ्या अवस्थेत उरले आहेत. बहुतेकांच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला असतो, छातीवर छापलेल्या तबकड्यांवर ओरखडे असतात, पायांच्या कडांना गंज चढलेला असतो आणि सेल बसवण्याच्या कप्प्यात पांढरट-हिरवट थर साचलेला असतो. अशा खेळण्याला पुन्हा रंग द्यावा की नाही, द्यायचा तर किती आणि कोणता, हा प्रश्न जितका हाताच्या कौशल्याचा आहे तितकाच तो धातू आणि रंग यांच्या रसायनाचा, छपाईच्या इतिहासाचा आणि जुन्या वस्तूशी प्रामाणिक राहण्याचा आहे. या तिन्हींचा विचार न करता हाती घेतलेला कुंचला खेळण्याचे जे नुकसान करतो ते मुलांनी वर्षानुवर्षे खेळून केलेल्या नुकसानीहून पुष्कळदा मोठे असते, आणि ते भरूनही येत नाही.

या खेळण्यांचा जन्म टंचाईच्या काळातला आहे. १९४५च्या अखेरीस जपानमधील ओत्सु या गावी मात्सुझो कोसुगे यांनी अमेरिकी सैन्याने टाकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्यापासून एक छोटी जीप तयार केली आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेला खेळण्यांचा धंदा तेथून पुन्हा उभा राहू लागला, असे त्या उद्योगाचा इतिहास सांगणारे अभ्यासक मानतात. पुढे निर्यात सुरू झाली तेव्हा मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ ही अक्षरे उमटू लागली आणि १९५२ मध्ये अमेरिकी अंमल संपल्यावर ती नाहीशी झाली. त्यामुळे एखाद्या यंत्रमानवाच्या पाठीवरची ही बारीक अक्षरे त्याच्या वयाचा भक्कम पुरावा ठरतात. मासुदाया, नोमुरा, होरिकावा, योनेझावा, योशिया अशा कारखान्यांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत किल्लीवर आणि सेलवर चालणारे, डोळ्यांतून उजेड टाकणारे, छातीची दारे उघडून बंदुका रोखणारे यंत्रमानव मोठ्या संख्येने बाजारात आणले. १९५६ मध्ये ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या अमेरिकी चित्रपटात रॉबी नावाचा यंत्रमानव झळकल्यावर त्याच्या धर्तीची खेळणीही निघाली, आणि त्यांत नोमुराचे खेळणे विशेष गाजले. मासुदायाचे सुमारे ३८ सेंटिमीटर उंचीचे, घागऱ्यासारख्या बुडाचे पाच यंत्रमानव संग्राहकांमध्ये ‘गँग ऑफ फाइव्ह’ म्हणून ओळखले जातात. त्या पाचांपैकी ‘नॉन-स्टॉप रोबो’ला त्याच्या फिकट जांभळ्या अंगामुळे ‘लॅव्हेंडर रोबो’ हे दुसरे नाव मिळाले, म्हणजे खेळण्याची ओळखच त्याच्या रंगावरून ठरली. योकोहामा येथे तेरुहिसा किताहारा यांनी आपल्या संग्रहातून उभारलेले पत्र्याच्या खेळण्यांचे संग्रहालय या परंपरेचे जतन करते. भारतात ही खेळणी तुरळकच पोहोचली. येथील ज्या पिढीने दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ ही जपानी मालिका पाहिली तिच्या मनात मात्र जपानी यंत्रमानवाचे रूप पक्के बसलेले आहे, आणि आज महाराष्ट्रातील जे थोडे संग्राहक या वस्तू मिळवतात ते बरेचसे याच पिढीतले आहेत.

रंगकामाचा विचार करण्यापूर्वी या खेळण्यांच्या अंगावर मूळ रंग कसा चढला हे समजून घेणे आवश्यक ठरते. खेळण्यासाठी वापरला जाणारा पत्रा हा पातळ पोलादी पत्रा असून त्याच्या दोन्ही बाजूंना कथलाचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना जो धातू वापरला जातो तोच हा धातू. या सपाट पत्र्यावर शिळाछापाच्या पद्धतीने चित्र छापले जाई. शिळाछाप म्हणजे तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणाचा उपयोग करून सपाट पृष्ठावरून केलेली छपाई होय, आणि मराठी वाचकांना ती १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील देवादिकांच्या चित्रांमुळे परिचित आहे. दगडावरची शाई कडक पत्र्यावर थेट नीट उतरत नसल्यामुळे १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी ती आधी एका मधल्या रुळावर आणि तेथून पत्र्यावर घेण्याची युक्ती काढली, आणि तीच पुढे पत्र्याच्या डब्यांच्या व खेळण्यांच्या उद्योगाचा पाया झाली. प्रत्येक रंगासाठी पत्रा यंत्रातून स्वतंत्रपणे जाई, भट्टीत वाळवला जाई आणि शेवटी त्यावर पारदर्शक रोगणाचा थर बसे. त्यानंतरच ठशाच्या दाबयंत्राखाली त्याचे तुकडे कापून त्यांना आकार दिला जाई आणि एका तुकड्याच्या कडेच्या बारीक जिभा दुसऱ्याच्या खाचांत घालून, मुडपून यंत्रमानव जोडला जाई. काही यंत्रमानवांचे अंग मात्र छापलेले नसून जोडणीपूर्वी फवाऱ्याने रंगवलेले असे, आणि छापील भाग फक्त छातीवरच्या तबकड्या व मोजमापांच्या पट्ट्यांपुरता राही.

या क्रमाचे दोन परिणाम दुरुस्ती करणाऱ्याने कधीही विसरू नयेत. पहिला परिणाम असा की छपाईच्या शाईचा थर इतका पातळ असतो की त्यावर बारीक पॉलिश पेपरचा एक हातही फिरला तर खालचे चकचकीत कथील उघडे पडते. मोटारीच्या किंवा लोखंडी फाटकाच्या रंगकामात जुना रंग घासून, लुकण भरून, अस्तर देऊन नवा रंग चढवण्याची जी नित्याची रीत आहे ती येथे लागू करणे म्हणजे छापलेले चित्र कायमचे पुसून टाकणे होय. दुसरा परिणाम गंजासंबंधी आहे. कथलाचा मुलामा अखंड असेपर्यंत तो आतल्या लोखंडाला हवेपासून दूर ठेवतो, परंतु एकदा ओरखड्याने तो भेदला गेला की ओलाव्याच्या सान्निध्यात कथील आणि लोखंड यांची विद्युत्-रासायनिक जोडी तयार होते, आणि त्या जोडीत झिजण्याची पाळी लोखंडावर येते. जस्ताचा मुलामा असलेल्या पन्हाळी पत्र्यात नेमके उलट घडते. तेथे जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते. म्हणून पत्र्याच्या खेळण्यावरचा लहानसा टवका दुर्लक्षित राहिला तर गंज त्या जागेपुरता थांबत नाही, तो आजूबाजूच्या शाबूत रंगाखाली शिरत जातो आणि काही पावसाळ्यांनंतर रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. टवका भरण्याचे खरे कारण येथे आहे. खेळणे देखणे दिसणे हा त्यातून मिळणारा दुसरा लाभ आहे.

हाती आलेल्या यंत्रमानवाला पूर्वी कोणी रंग लावला आहे काय, हे कोणत्याही कामाच्या आधी तपासले जाते. सोनार वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग या कामी पुरेसे होते. छपाई पत्रा वाकवण्यापूर्वी झालेली असल्यामुळे मूळ रंग घडीच्या आत, जिभेच्या मुडपलेल्या कडेखाली सलगपणे गेलेला दिसतो. नंतर लावलेला रंग मात्र जोडावरून ओसंडतो, खाच बुजवतो आणि जिभेच्या कडेला बारीक उंचवटा करून थांबतो. छापील रेषेची कड भिंगाखाली तीक्ष्ण दिसते आणि कुंचल्याच्या रेषेला जाड-बारीकपणा असतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पाहिल्यास निरनिराळ्या काळातील रंगद्रव्ये व रोगणे निरनिराळ्या तऱ्हेने चमकतात, किंवा चमकतच नाहीत, आणि साध्या उजेडात एकजीव वाटणाऱ्या पृष्ठावर जुन्या दुरुस्तीचा डाग वेगळा उठून येतो. जुने रंगकाम सापडले म्हणून ते लगेच काढून टाकावे असे नाही. एखाद्या मुलाने घरातला उरलेला रंग आपल्या यंत्रमानवाच्या डोक्याला फासला असेल, तळपायावर खिळ्याने आपले नाव कोरले असेल, तर तेही त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे, आणि ते पुसण्याची घाई करू नये असे या विषयाकडे गांभीर्याने पाहणाऱ्या कोणालाही वाटेल.

चित्रे आणि शिल्पे यांच्या जतनाच्या क्षेत्रात या प्रश्नांवर दीर्घ विचार झालेला आहे, आणि खेळण्यांच्या दुरुस्तीने तो उसना घ्यावा हे सर्वथा योग्य आहे. रोम येथे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती जतनसंस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जे सूत्र मांडले त्याचा आशय असा की, दुरुस्तीने वस्तूची एकसंधता पाहणाऱ्याला परत मिळावी, परंतु जवळून पाहिल्यावर दुरुस्ती कोठे आहे हे ओळखता आले पाहिजे आणि पुढच्या पिढीला ती काढून टाकता आली पाहिजे. त्याच संस्थेत चित्रातील उडालेला भाग बारीक उभ्या रेषांनी भरण्याची पद्धत विकसित झाली. त्या रेषा लांबून एकरूप रंग भासतात आणि जवळून रेषा म्हणून वेगळ्या दिसतात. यंत्रमानवाच्या दीड इंची छातीवर अशा रेषा ओढणे अव्यवहार्य असले तरी तत्त्व तेच राहते: हातभर अंतरावरून टवका नजरेत भरू नये, आणि भिंगाखाली मात्र तो लपू नये. मूळ शाबूत रंगावर नव्या रंगाचा एक थेंबही चढू न देणे, म्हणजे टवका जेवढा तेवढाच रंग लावणे, ही या कामातील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची शिस्त आहे. बहुतेक हौशी दुरुस्त्या येथेच बिघडतात, कारण टवक्याच्या कडेला रंग जुळला नाही की तो थोडा पुढे ओढून मिसळवण्याचा मोह होतो, मग आणखी थोडा पुढे, आणि अखेर मोहरीएवढ्या टवक्यासाठी अख्खी छाती रंगवली जाते.

छातीच्या कडेला तीन-चार मिलिमीटरचा गंजलेला टवका असलेल्या एका यंत्रमानवाचे उदाहरण घेतल्यास कामाचा क्रम स्पष्ट होईल. प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडली जाते आणि मग काडीला गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने, ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य व उदासीन साबणाचा थेंब घालून, तळपायासारख्या न दिसणाऱ्या जागी चाचणी घेतली जाते; बोळ्यावर रंग उतरला तर पाणीही वर्ज्य ठरते. चित्रांच्या जतनात काम करणारे तज्ज्ञ अनेकदा बोळा लाळेने ओला करतात, कारण लाळेतील विकरे हातांचा चिकट मळ पाण्यापेक्षा चांगला सोडवतात, आणि ही पद्धत छापील पत्र्यालाही मानवते. यानंतर सुटा गंज लाकडी काडीने किंवा शस्त्रक्रियेच्या पात्याच्या टोकाने भिंगाखाली खरवडला जातो. जो गंज धातूला घट्ट धरून बसला आहे त्यावर टॅनिक आम्लाचे सौम्य द्रावण टोकदार कुंचल्याने लावले जाते. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून पूर्वी काळी शाई केली जाई, त्यामागची अभिक्रिया हीच आहे. लोहाचा तांबूस गंज टॅनिनशी संयोग पावून निळसर काळ्या, स्थिर संयुगात बदलतो. जागा पूर्ण वाळली की तेवढ्याच उघड्या धातूवर विलगक थर दिला जातो, म्हणजे नवा रंग आणि जुनी वस्तू यांच्यामध्ये राहणारा पारदर्शक थर. संग्रहालयांत यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचे ॲक्रिलिक राळद्रव्य सर्रास वापरले जाते, कारण ते वर्षानुवर्षे पिवळे पडत नाही आणि ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळते. तेच ॲसिटोन फवाऱ्याने दिलेला मूळ रंगही विरघळवू शकते, म्हणून हा थर टवक्याच्या कडेला पोहोचण्याआधीच थांबवावा लागतो, आणि जेथे चाचणीत मूळ रंग मऊ पडतो तेथे हा मार्गच सोडून द्यावा लागतो.

त्यानंतरचा रंग निवडताना दुकानात मिळणाऱ्या रंगांच्या तीन प्रमुख जाती ध्यानात घ्याव्या लागतात. इनॅमल हा तेलावर आधारलेला, सावकाश वाळणारा आणि कडक होणारा रंग. लॅकर हा तीव्र द्रावकात विरघळवलेला, झटपट वाळणारा आणि खालच्या थराला चावणारा रंग. आणि ॲक्रिलिक हा पाण्याने पातळ करता येणारा, परंतु एकदा वाळला की पाण्याला दाद न देणारा रंग. इनॅमलवर लॅकर चढवल्यास खालचा थर फुगून सुरकुततो, ही गोष्ट प्रतिकृती रंगवणाऱ्या हौशी मंडळींना चांगली ठाऊक असते. जुन्या यंत्रमानवासाठी मात्र कडकपणा हा गुण नसून दोष आहे, कारण पुढे कधी हा रंग काढायची वेळ आली तर त्यासाठी लागणारे द्रावक मूळ रंगालाही इजा करील. म्हणूनच अनेक जतनकार डिंकात मळलेला अपारदर्शक जलरंग पसंत करतात. तो कितीही वर्षांनी ओल्या बोळ्याने निघतो, आणि त्याला लागणारी चमक व संरक्षण वरून दिलेल्या रोगणाच्या किंवा सूक्ष्मस्फटिकी मेणाच्या पातळ थराने मिळते.

रंग जुळवणे हा या कामातील सर्वांत रम्य भाग आहे, आणि तेथे अनेकांची दिशाभूल होते. खेळणे नवे असताना त्याचा रंग कोणता होता हे शोधून काढायचे आणि तोच टवक्यात भरायचा, असा सरळ विचार केला जातो. परंतु साठ-सत्तर वर्षांच्या उजेडाने मूळ रंग फिका पडलेला असतो आणि वरचे रोगण पिवळसर झालेले असते, त्यामुळे अचूक मूळ छटेचा ठिपका आजच्या छातीवर नव्या ठिगळासारखा उठून दिसतो. यंत्रमानवाचा हात वर उचलून काखेतला रंग पाहिल्यास, अथवा सेलच्या कप्प्याच्या झाकणाखालची कड पाहिल्यास, उजेड न लागलेली मूळ छटा अजूनही सापडते, आणि तिची नोंद अवश्य ठेवावी. जुळवायचे मात्र टवक्याच्या शेजारच्या आजच्या छटेशी. लॅव्हेंडरसारख्या रंगात हे काम फार नाजूक होते, कारण त्यात लाल आणि निळ्या द्रव्याचे प्रमाण केसभर जरी बदलले तरी डोळा ते ताबडतोब टिपतो. त्यातच दोन रंग एका उजेडात तंतोतंत सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसण्याचा प्रकार घडतो, कारण त्यांतील रंगद्रव्ये प्रकाशाचे वेगवेगळे भाग परावर्तित करत असतात. त्यामुळे रात्री दिव्याखाली साधलेला मेळ सकाळी खिडकीपाशी फसतो. उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात रंग कालवून तो ज्या कपाटात खेळणे राहणार आहे तेथील दिव्याखालीही पाहावा लागतो. ॲक्रिलिक वाळताना किंचित गडद होतो आणि जलरंग वाळताना फिका पडून रोगणाखाली पुन्हा गडद होतो, म्हणून वेगळ्या पत्र्याच्या तुकड्यावर रंग वाळवून, रोगण देऊन पाहिल्याखेरीज तो खेळण्याला लावला जात नाही. छटा जुळली आणि चमक जुळली नाही तरीही टवका दिसतोच, आणि तिरप्या उजेडात तर तो प्रथम दिसतो.

गळलेल्या सेलचा प्रश्न रंगाशी थेट निगडित नसला तरी त्याचा निकाल रंगकामाच्या आधी लावावा लागतो. जुन्या जस्त-कार्बन सेलमधून आम्लधर्मी क्षार झिरपतात आणि नंतरच्या अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे तीव्र अल्क बाहेर येते. पहिल्यासाठी खाण्याच्या सोड्याचे आणि दुसऱ्यासाठी पातळ केलेल्या व्हिनेगरचे द्रावण बोळ्याने लावून, पुसून, जागा कोरडी केली जाते. यंत्रमानव उघडून आतली यंत्रणा साफ करण्याचा विचार मात्र दहादा करावा, कारण जोडाच्या जिभा एकदा-दोनदा वाकवल्या की मुळाशी तुटतात.

१९७०च्या दशकात यंत्रमानवांची द्रव्येच बदलली आणि त्यांच्याबरोबर रंगकामाचे प्रश्नही बदलले. ‘माझिंगर झेड’ ही चित्रमालिका १९७२ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आली, आणि तिच्यातील यंत्रमानवाची धातूची आवृत्ती बांदाईच्या पोपी या उपकंपनीने १९७४ मध्ये ‘चोगोकिन’ या नावाखाली काढली. ही खेळणी वितळलेले जस्ताचे मिश्रण साच्यात दाबून ओतलेली असतात. त्यांना पत्र्यासारखा छापील थर नसतो, फवाऱ्याचा रंग असतो, आणि तो कोपर, खांदे व मुठी यांच्या कडांवरून टवके उडून जातो. जस्तावर रंग सहजी धरत नाही, म्हणून येथे उघड्या पडलेल्या जागेला धातूला धरून राहणारे अस्तर आवश्यक असते. ओतीव जस्ताला आणखी एक आजार होतो: मिश्रणात शिसे किंवा कथील यांचा अंश अधिक राहिला असेल तर धातू आतून, कणांच्या सीमांवरून झिजू लागतो, पृष्ठावर केसासारख्या भेगा पडतात, भाग फुगतात आणि शेवटी भुगा होतो. अशा भेगांवर लुकण आणि रंग लावणे निरर्थक आहे, कारण झीज थांबवण्याचा उपाय ज्ञात नाही. खेळणे कोरड्या व थंड जागी ठेवून झीज लांबवणे एवढेच हाती उरते. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, पोपीने सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचे ‘जंबो मशिंडर’ यंत्रमानव आणले, आणि ते शांपूच्या बाटल्यांच्या पद्धतीने फुगवून केलेल्या पॉलिएथिलीनचे होते. पॉलिएथिलीनला जवळजवळ कोणताच रंग किंवा गोंद धरत नाही, त्यामुळे त्यांचे मूळ रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेले आणि तपशील चिकटपट्ट्यांवर छापलेले असत. तेथे रंगकामाचा आग्रह सोडून स्वच्छतेवर समाधान मानणे हेच शहाणपणाचे ठरते.

१९८४ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेतील खेळणी, जी मुळात ताकारा या जपानी कंपनीच्या साच्यांतून आलेली होती, त्यांत एबीएस प्लॅस्टिक, ओतीव धातू आणि चंदेरी मुलाम्याचे भाग एकत्र येतात. हा चंदेरी भाग धातूचा नसतो. प्लॅस्टिकवर रोगण देऊन, निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिसूक्ष्म थर त्यावर बसवलेला असतो, आणि तो बोटांच्या घर्षणाने व घामाने निघून जातो. चंदेरी द्रवाच्या लेखण्यांनी त्यावर ठिपके देता येतात, पण आरशासारखी मूळ चमक हाताने परत आणता येत नाही, हे मान्य करून थांबणे बरे. पांढरे एबीएस प्लॅस्टिक उजेडाने व हवेतील ऑक्सिजनने पिवळे पडते, आणि २००८च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी लोकांनी रूढ केलेला हायड्रोजन पेरॉक्साइड व अतिनील उजेडाचा उपाय खेळण्यांवरही केला जातो. त्याने पिवळेपणा जातो, परंतु तो पुढे परतलेलाही आढळला आहे, आणि शेजारचे रंगीत भाग त्या द्रावणात फिके पडू शकतात. ॲसिटोनचा बोळा एबीएसला लागला तर पृष्ठ वितळते, म्हणून पत्र्यासाठी सांगितलेली पद्धत प्लॅस्टिकला जशीच्या तशी कधीही लावू नये.

संपूर्ण पुनर्रंगकामाला मुळीच स्थान नाही असे म्हणणे एकांगी होईल. ज्या फवारणीच्या यंत्रमानवाचा नव्वद टक्के रंग गंजाने खाल्ला आहे, किंवा ज्याच्यावर पूर्वीच जाड इनॅमलचा हात मारलेला आहे, त्याला नव्याने रंगवण्यात फारसे गमावण्याजोगे उरलेले नसते, आणि अशा वेळी कुशल हाताने केलेले काम त्या वस्तूला पुन्हा पाहण्याजोगी करते. छापील पत्र्याबाबत मात्र नकाराचेच उत्तर द्यावे लागते, कारण तबकड्यांचे काटे, खिळ्यांच्या डोक्यांची छापील रांग, कोपऱ्यातील कारखान्याचे चिन्ह हे सारे त्या छपाईच्या पातळ थरातच आहे. नोमुराची ‘टीएन’ किंवा होरिकावाची ‘एसएच’ ही दोन-दोन अक्षरे नव्या रंगाखाली गेली की ते खेळणे कोणाचे, हे सांगणारा धागाच तुटतो. बाजारही याच कारणाने झिजलेल्या मूळ यंत्रमानवाला चकचकीत पुनर्रंगीत यंत्रमानवापेक्षा अधिक मान देतो, आणि येथे बाजाराचा कल व जतनाचे तत्त्व यांचा सुदैवाने मेळ बसतो. विक्रीच्या वेळी दुरुस्ती न सांगणे ही उघड फसवणूक आहे. मूळ कंपन्यांनी आणि इतरांनी काढलेल्या नव्या आवृत्त्या बाजारात असताना तर रंगाचे खरे वय हा खरेपणाचा पहिला निकष ठरतो.

आरोग्याची एक गोष्ट अधोरेखित करणे आवश्यक आहे. त्या काळातील रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिशाची संयुगे असण्याची शक्यता मोठी असते. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम २०१६ मध्ये झाला, म्हणजे हे भान येथे उशिराच आले. जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवणे, ती जेवणाच्या टेबलावर उडवणे, किंवा असे खेळणे लहान मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचू देणे यांपैकी काहीही होऊ देऊ नये, आणि जेथे रंग सुटा आहे तेथे लाळेचा बोळाही वापरू नये.

कोकणपट्टी आणि मुंबई येथील संग्राहकांना खाऱ्या आणि दमट हवेमुळे अधिक दक्ष राहावे लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचा गंज वेगाने वाढतो आणि मिठाचा अंश त्याला आणखी चालना देतो; त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने यंत्रमानव घट्ट झाकणाच्या पेटीत, वाळवून घेतलेल्या सिलिका जेलसह ठेवणे हे कोणत्याही रंगकामापेक्षा अधिक उपयोगी पडते. सेल नेहमी काढून ठेवावेत, हाताळताना सुती किंवा रबरी हातमोजे वापरावेत आणि कपाटावर थेट ऊन येऊ देऊ नये.

केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद कागदावर ठेवली जाते: कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, टवक्यांच्या जागा दाखवणारे साधे रेखाचित्र, वापरलेल्या राळेचे, रंगाचे व रोगणाचे नाव, ते कोणत्या द्रावकात निघेल याचा उल्लेख आणि कामाची तारीख. काखेत सापडलेल्या मूळ छटेशी जुळवून रंगवलेला पत्र्याचा लहान तुकडाही सोबत ठेवल्यास पुढच्या अभ्यासकाला फिकेपणा मोजता येतो. ही नोंद खेळण्याबरोबरच हस्तांतरित व्हायला हवी, म्हणून तिची एक प्रत मूळ खोक्यात ठेवण्याचा प्रघात आहे. ते खोके त्या काळच्या आम्लयुक्त पुठ्ठ्याचे असल्यामुळे कागद आम्लरहित पाकिटात घालूनच आत ठेवावा लागतो, आणि खोक्याच्या झाकणावरच्या चित्राला मात्र चिकटपट्टीही लावू नये.